हॅचरीचे ट्राउट सोडलेत म्हणतात, मग दोन दिवसांत एकही टोच का नाही?

तुमचा प्रश्न वाचून मला माझाच पहिला सीझन आठवला. नदीत हॅचरीचे, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रात वाढवलेले, ट्राउट मासे सोडून चार दिवस झालेत, दोन दिवस सकाळी सहापासून उभे होतात, फिरकी (पातं फिरणारं धातूचं आमिष) फेकून फेकून खांदा दुखला आणि टोचसुद्धा नाही, म्हणजे एकाही माशाने आमिषाला तोंड लावलं नाही, तर मासे खरंच आहेत का नुसतीच अफवा, असं विचारलंय तुम्ही. मासे बहुतेक आहेत हो. तुम्ही लिहिलंय ना की "मस्त खळाळतं पाणी बघून तिथे उभा राहिलो", तिथेच गडबड आहे. ती रानातल्या ट्राउटची जागा, तीही उन्हाळ्यातली. तुम्ही शोधताय तो मासा आत्ता गेल्या आठवड्यापर्यंत सिमेंटच्या हौदात राहत होता, आणि त्यात पाणी गार.

मी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं. कुठेतरी वाचलेलं की ट्राउटला प्राणवायू भरपूर लागतो, वाहतं पाणी आवडतं वगैरे, म्हणून अख्खी सकाळ खळाळात उभी राहिले, पाय बधिर झाले आणि हाती शून्य. पुलाखालच्या डोहात एक आजोबा घडीची खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी तासाभरात चार काढले. मला तेव्हा वाटलं नशीब आहे त्यांचं. दुपारी लाज सोडून विचारलं तर म्हणाले, पाण्यात हात घाल आणि सांग, तू या थंडीत धावशील का?

तर आधी पाण्याचं तापमान. मासा थंड रक्ताचा, जसं पाणी तसा त्याचा जीव चालतो. रेनबो ट्राउट साधारण 10 ते 16 अंशात मनापासून खातो. 4-5 अंशाला तो मरत नाही, आजारीही नसतो, पण सगळं संथ होतं, पचन संथ, हालचाल संथ, आणि दोन मीटर लांबून जाणाऱ्या घासासाठी पोहत जाणं त्याला परवडतच नाही. घास तोंडासमोरून रमतगमत गेला तर घेईल, नाहीतर जाऊ दे. सकाळी सहाला पाणी दिवसातलं सगळ्यात गार असतं, म्हणजे तुम्ही झोपमोड करून नेमकी सगळ्यात वाईट वेळ गाठली 😄 आरामात जा, अकरा ते तीन. एक-दीड अंश पाणी चढलं तरी फरक पडतो, हे मी थर्मामीटर दोरीला बांधून कितीतरी वेळा बघितलंय. फक्त एक भानगड आहे, नदी वरच्या बर्फावर चालत असेल तर कडक उन्हाच्या दिवशी उलटं होतं, दुपारनंतर वितळलेलं पाणी खाली येतं, पाणी गढूळ होतं आणि गारही. अशा ठिकाणी ते पाणी पोचायच्या आधीचा वेळ आपला. म्हणून घड्याळापेक्षा थर्मामीटर बघा.

आता जागा. मासे सोडणारी गाडी जिथे नदीच्या काठाशी जाऊ शकते तिथेच मासे पडतात, म्हणजे पूल, गाड्या लावायची जागा, रस्ता नदीला चिकटतो ते वळण. काही ठिकाणी बादल्यांनी किंवा होडीतून लांब लांब सोडतात, पण बऱ्याचदा पाइप लावला आणि झालं. टँकरमध्ये घालायच्या आधी एक-दोन दिवस त्यांचं खाणं बंद ठेवतात, प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून. म्हणजे नदीत पडणारा मासा उपाशी पण असतो आणि भेदरलेला पण. पहिला दिवसभर तो कळपाने एका जागी नुसता उभा असतो. हौदात कधी जोरदार प्रवाहाशी झगडलेला नसतो ना, त्यामुळे पहिलं शांत पाणी मिळेल तिथे शिरतो. मग हळूहळू पांगतात, आणि रेनबो असतील तर बहुतेक खालच्या दिशेनेच सरकतात. ब्राउन, म्हणजे ट्राउटचीच दुसरी जात, त्या मानाने जागा धरून बसतो.

तुमच्याकडे चार दिवस झालेत, म्हणजे मी पुलाखालचा डोह बघून झाला की प्रवाहाबरोबर खाली चालत जाईन आणि पुढचा खोल, संथ डोह गाठेन. डोहाचं तोंड सोडा, जिथे पाणी धडाधड आत पडतं ते, मधला खोल भाग आणि शेवटी तळ वर चढायला लागतो ती शेपटी, हे धुंडाळा. मोठ्या दगडामागची गप्प जागा, किंवा जोराचं आणि संथ पाणी घासून जातं ती रेघ, तीही. अर्ध्या तासात काही नाही तर हला तिथून. मासे कळपात असतात, त्यामुळे एकतर काहीच नाही नाहीतर एकामागून एक तीन, असंच होतं.

गळाला काय लावायचं यावर लोक तासन् तास भांडतात, मी थोडक्यात सांगते. हौदातल्या माशाला आयुष्यभर एकच खाणं माहीत, तपकिरी गोळ्या. नदीत आल्यावर तो गोळीसारखं दिसणारं काहीही तोंडात घेऊन बघतो. मी सोडल्यानंतर आठवड्याभरात पकडलेला एक मासा साफ करत होते, पोटात काय असावं, बारीक खडे, काडीचे तुकडे आणि एक सिगारेटचं फिल्टर! त्यामुळे पहिल्या काही दिवसांत पॉवरबेटसारखा तरंगणारा लगदा, एखादं गांडूळ, किंवा माशाच्या अंड्यासारखा छोटा नारिंगी मणी, हे चालतं. काही नद्यांवर खाण्याचं आमिष चालत नाही, नुसते कृत्रिमच, काही ठिकाणी टोकाशी उलटा काटा नसलेला एकच गळ लागतो, आणि मासे सोडल्यावर अमुक दिवस बंदी असाही नियम असतो, तर परवान्याबरोबरची पत्रिका एकदा नीट वाचा.

पण आमिषापेक्षा ते कसं जातंय हे महत्त्वाचं, हे मी शपथेवर सांगेन. लाइन बारीक घ्या, 0.16 ते 0.18 मिलिमीटर पुरते, जाड लाइन पाण्यात आमिषाला ओढत नेते. गळ 10 ते 14 नंबरचा. त्याच्या वर हातभर अंतरावर शिशाचे एक-दोन मणी, इतकेच की आमिष तळाशी अधूनमधून घासत प्रवाहाच्या वेगाने जाईल. कुठेच लागत नाही म्हणजे वजन कमी, सारखं अडकतंय म्हणजे जास्त. एक मणी काढा, एक लावा, या खेळात माझा अर्धा दिवस जातो आणि मासेही त्यातूनच मिळतात.

फिरकीच वापरायची असेल तर 2-3 ग्रॅमची घ्या आणि जेवढ्या हळू गुंडाळून पातं फिरत राहील तेवढंच हळू गुंडाळा. चार दिवसांत त्या माशांच्या नाकासमोरून गावभरच्या चकचकीत फिरक्या गेल्यात, आता स्वच्छ पाण्यात काळपट छोटी बरी, गढूळ असेल तरच भडक.

आणि टोच म्हणजे हिसका बसेल अशी वाट बघत बसू नका, कदाचित तुम्हाला दोन दिवसांत चार-पाच टोची मिळाल्याही असतील आणि कळल्या नसतील. गार पाण्यात हिसका नसतो. लाइन पाण्यात शिरते तिथे नजर ठेवा, ती प्रवाहाबरोबर सरकत असते आणि मध्येच अर्धा सेकंद थांबते, जसं काही ओल्या पानाला अडकलं. बस, तेवढंच. मनगटाने हलकेच उचला. दहातल्या सात वेळा खरंच पान निघतं, पण उरलेल्या तीन वेळा पान डोकं हलवायला लागतं.

हातात आल्यावर तो हौदातला का नदीत वाढलेला हे परांवरून बऱ्यापैकी कळतं. पाठीवरचा पर झिजून बोथट, बाजूचे पर वाकडेतिकडे, कारण सिमेंटवर घासतात आणि गर्दीत एकमेकांना चावतात. नदीत जन्मलेल्याचे पर अख्खे, कडा धारदार. आमच्या ग्रुपमध्ये काहीजण हौदातल्या माशाला नाक मुरडतात, मला ते पटत नाही. रेनबो हा मूळचा पॅसिफिक महासागराच्या काठावरच्या नद्यांचा, 1870 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मॅक्क्लाउड नदीवर त्याची अंडी गोळा करायला लागले आणि आज अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर तो आहे. माणसाने सोडला नसता तर आपल्यापैकी बहुतेकांनी ट्राउट पाहिलाच नसता. नाक मुरडायचंच तर जिथे देशी मासे आहेत तिथे याला सोडण्यावर मुरडा, तो मुद्दा खरा आहे.

दोन गोष्टी राहिल्या. पाण्यात उतरणार असाल तर तळाला भोवतालपेक्षा उजळ, धुतल्यासारखे दिसणारे खड्यांचे पट्टे टाळा. ब्राउन शरद ऋतूत अंडी घालतो आणि ती खड्यांखाली वसंतापर्यंत असतात, रेनबो बहुतेक ठिकाणी वसंतातच घालतो, तुमचा एक पाय म्हणजे शेकडो अंडी चिरडली. आणि मांडीच्या वर पाणी नकोच, एवढ्या गार पाण्यात पडलात तर हातपाय काही मिनिटांत ऐकेनासे होतात.

मासा परत सोडणार असाल तर हात आधी ओले करा, आणि गांडुळासकट गळ घशात गेला असेल तर ओढत बसू नका, लाइन तोंडाजवळ कापा आणि सोडून द्या. गोठवणाऱ्या हवेत रॉडच्या कड्यांत बर्फ धरतं, ते कड्या पाण्यात बुडवून सोडवा, नखाने खरवडू नका, मी तशीच एक कडी मोडलीय.

शनिवारी जाणार असाल तर पाणी किती अंश होतं आणि कुठल्या डोहात उभे होतात ते खाली लिहा, मग अजून नेमकं सांगता येईल.