माप बारचं, बैठक घरची

गटारी जवळ आली की या सदराचं टपाल फुगतं. श्रावण पाळणाऱ्यांना महिनाभराचा हिशोब एका रात्रीत उरकायचा असतो, आणि न पाळणाऱ्यांना पाऊस पुरतो. मी मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात बारच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून निवृत्त झाले. आता डोंबिवलीत घरच्या ओट्यावर तेच करते. तिथे शिकलेलं इथे सांगते. पटलं तर घ्या.

ताई, दुकानातून आणलेल्या बीअरला घरी एक विचित्र उग्र वास येतो. हॉटेलात तीच बीअर छान लागते. मी बाटल्या गॅलरीत कोपऱ्यात ठेवतो आणि संध्याकाळी फ्रिजमध्ये टाकतो. फेसही धरत नाही. कंपनी बदलू का? — एक वाचक, सांगली

कंपनी राहू द्या, गॅलरी बदला. बाटल्या हिरव्या आहेत ना? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावते. बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधल्या द्रव्यांवर ऊन पडलं की त्यातून एक गंधकयुक्त संयुग तयार होतं, आणि त्याचा वास नाकाला अगदी थोड्या प्रमाणातही कळतो. कडक उन्हात याला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, हिरवी आणि पांढरी फारच कमी. कॅनमध्ये तर प्रश्नच नाही. म्हणून हिरवी बाटली घेतलीत तर पिशवीतून थेट फ्रिजमध्ये, उभी. दुकानात दर्शनी काचेच्या कपाटात, उन्हाच्या बाजूला मांडलेली बाटली घेऊच नका. मागच्या खोक्यातली मागा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू दे. आणि भरल्याची तारीख वाचा. बीअर ही व्हिस्कीसारखी मुरत नाही, ती शिळी होते.

आता फेस. तुमचा ग्लास तेलकट आहे. राग मानू नका, आपल्या सगळ्यांच्याच घरचे असतात. ज्या घासणीने कढई घासली तिनेच ग्लास, आणि पुसायला पोळ्यांच्या डब्यातलं फडकं! तेलाच्या पुसट थराने फेस बसतो, साबण राहिला तरी बसतो. ग्लास ओला करा आणि आतून चिमूटभर मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मधेच टक्कल दिसलं तर तिथे तेल. बीअरचे ग्लास वेगळ्या घासणीने धुवा आणि पालथे घालून वाळवा, पुसू नका.

ओतताना ग्लास तिरका धरायचा, अर्धा भरला की सरळ करायचा, आणि वर दोन बोटं फेस येऊ द्यायचा. आपल्याकडे फेस दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं माप मारलं. मी बारवर यासाठी पुष्कळ ऐकून घेतलं आहे. पण फेस आला म्हणजे थोडा वायू ग्लासातच सुटला, तेवढाच तुमच्या पोटात कमी गेला. पाहुणे दारात आणि बीअर कोमट असेल तर बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि वर मूठभर जाडं मीठ. नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर गार करतं, कारण पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं आणि मिठामुळे ते शून्याच्याही खाली जातं. फ्रीजरमध्ये ठेवून विसरणाऱ्यांच्या घरी मटारात काचा सापडतात.

आमचे हे ‘दारू’ घेत नाहीत, फक्त स्ट्राँग बीअर. शनिवारी रात्री दोन मोठ्या बाटल्या. काही बोललं की म्हणतात, बीअर म्हणजे बार्लीचं पाणी. खरं आहे का? — एक वाचिका, कऱ्हाड

कागद-पेन्सिल घ्या आणि त्यांनाही शेजारी बसवा. मोठी बाटली 650 मिलीची. स्ट्राँग बीअर 8 टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे एका बाटलीत 52 मिली शुद्ध अल्कोहोल. आता व्हिस्की. आपल्याकडच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं, म्हणजे 30 मिलीच्या स्मॉल पेगमध्ये जेमतेम 13 मिली. भागाकार करा: एक बाटली म्हणजे चार स्मॉल. दोन बाटल्या म्हणजे आठ स्मॉल, चार लार्ज. शेजारच्या घरी कुणी एका बैठकीत व्हिस्कीचे चार लार्ज घेतले तर तुमचे हे काय म्हणतील, ते विचारा.

बारमध्ये हे लपत नाही, कारण पेगमेजर गिऱ्हाइकासमोर भरतं आणि बिलावर आकडा चढतो. घरी बिल येत नाही. म्हणून घरी बसणाऱ्याने माप स्वतः ठेवायला हवं, आणि मला विचाराल तर घरच्या बैठकीतली सगळ्यात कामाची वस्तू तीच: स्टीलचं 30–60 चं पेगमेजर. बीअरवाल्यांसाठी त्याच धर्तीचा उपाय म्हणजे लहान बाटली. 330 मिलीची, 5 टक्क्यांची साधी बीअर घेतली तर एका बाटलीत सव्वा स्मॉल. तीन प्यायले तरी एका स्ट्राँगच्या खालीच.

आणखी दोन गोष्टी. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निस्तरतं, आणि त्या एका स्ट्राँग बाटलीत 41 ग्रॅम असतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा होतो, उतरत नाही. त्यामुळे रात्री अकराला ‘भुर्जी-पाव घेऊन येतो’ म्हणून स्कूटरची किल्ली उचलली गेली तर ती तुम्ही काढून घ्या. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे आणि दोन बाटल्यांनंतर तुमचे हे तिच्या पार पुढे असतात. दुसरं, जेवण आधी. पोट भरलेलं असलं की अल्कोहोल आतड्यात सावकाश उतरतं. बारमध्ये खारे दाणे फुकट का देतात? मिठाने तहान लागते म्हणून. घरी खारे दाणे कमी, उकडलेली अंडी, पनीर, भाजलेलं चिकन जास्त.

मी 27 वर्षांचा आहे, पुण्यात मित्रांबरोबर फ्लॅटवर राहतो. घरी कॉकटेल करायची म्हणून व्हिडिओ बघून यादी केली तर पंधरा बाटल्या झाल्या. परवडत नाही. कमीत कमी काय घेऊ? — एक वाचक, पुणे

अरे, ती यादी फाड. निळ्या, हिरव्या लिक्युअरच्या बाटल्या एकदा वापरून वर्षभर धूळ खातात. एक पांढरी रम किंवा जिन घे, एक काळी रम घे. बाकीचं सामान भाजीवाल्याकडे आहे.

पहिलं शिकायचं ते सावर: दारू, लिंबू, साखर. बाहेरच्या पाककृतींत मोठ्या लिंबांचा हिशोब असतो. आपलं कागदी लिंबू लहान आणि चांगलंच आंबट, म्हणून मी 60 मिली पांढरी रम, 20 मिली लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा पाक घेते. पाक म्हणजे एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम करून गार केलेला. गुलाबजामचा नव्हे. तुझ्याकडे प्रोटीन शेकर असेलच. आतली जाळी काढ, बर्फाने भर, झाकण घट्ट लाव आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलव, शेकर बाहेरून गारठेपर्यंत. गाळून लहान ग्लासात. ही झाली डायकिरी, मूळ क्युबातली, आणि यात रमऐवजी जिन किंवा व्हिस्की घातली तरी बांधणी तीच. जिनला जरा लिंबू कमी, व्हिस्कीला पाक जरा जास्त, हे जिभेने ठरव. लिंबू आयत्या वेळी पिळ. सकाळी पिळून ठेवलेला रस रात्री कडवट होतो.

हलवताना बर्फ वितळून जे पाणी मिसळतं तेही पाककृतीचाच भाग आहे, सुमारे पाव हिस्सा. म्हणून बर्फ चांगला हवा. तुझ्या फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे बोंबलाच्या पिशवीशेजारी आहे का? मग कॉकटेललाही बोंबील लागणार. पिण्याचं पाणी स्टीलच्या झाकणाच्या डब्यात गोठव, ढेप निघाली की फडक्यात गुंडाळून लाटण्याने फोड. मोठे तुकडे सावकाश वितळतात. ट्रेमधल्या पोकळ खड्यांनी जिन-टॉनिकचं दहा मिनिटांत सरबत होतं.

जिनवर खर्च करायचा तर गोव्यात आता चांगल्या जिन होतात, त्यातली ‘ग्रेटर दॅन’ नावाची परवडणारी आहे. टॉनिक घेताना साधा सोडा उचलू नकोस. टॉनिकला क्विनाइनचा कडवटपणा असतो आणि जिनला तोच लागतो. एक जिन, तीन टॉनिक, लिंबाची फोड. एकदा टॉनिकऐवजी सोडा घेऊन त्यात चमचाभर कोकमाचं आगळ घालून बघ. आगळ खारट असतं, चमच्याच्या वर गेलास तर सोलकढी पितोयस असं वाटेल.

काळी रम कोलाबरोबर सगळेच पितात. या पावसात अशी कर: जाड ग्लासात सुपारीएवढा गूळ, दोन लवंगा, आल्याची चकती, वर गरम पाणी, गूळ विरघळला की 45 मिली रम, आणि चार थेंब लिंबू. आपली रम मळीपासूनच होते, त्यामुळे गूळ तिला परका नाही. रम उकळत्या पाण्यात टाकू नकोस, आणि पातेल्यात घालून गॅसवर तर मुळीच नको. वाफ पेटते.

आम्ही दोघं मुलाकडे ब्रिस्टलला आलो आहोत. त्याने शेतावरून सायडर आणली. गढूळ आहे, बुडबुडे नाहीत, गारही करत नाही. आंबली असेल का? — एक ज्येष्ठ वाचक, सध्या इंग्लंड

आंबली आहेच, काका, सफरचंदाचा रस आंबवूनच ती करतात. बिघडलेली नाही. तुम्ही ज्या भागात आहात तिथे, सॉमरसेटच्या बाजूला, सायडरसाठी वेगळी सफरचंदं लावतात: तुरट, कडवट, खायला नकोशी. त्या तुरटपणामुळे पेयाला अंग येतं. शेतावरची सायडर बहुधा न गाळलेली आणि बिनवायूची असते, तळघराच्या गारव्यात पितात. दुकानातली चकचकीत, गोड, बुडबुड्यांची सायडर वेगळी. तिकडे सायडर म्हणवून घ्यायला निम्माही रस लागत नाही, 35 टक्के पुरतो. बर्फावर ओतून प्यायची टूम आयरिश जाहिरातींनी आणली, शेतावरच्या सायडरला बर्फ लावू नका.

चव फळाची असल्याने ती किती चढते ते कळत नाही. मुलाला टक्केवारी विचारा, 6–7 टक्के सहज असते. तिथलं चेडर चीज बरोबर घ्या, चेडर गाव सॉमरसेटमधलंच. सूनबाईंनी कोथिंबीरवडी केली तर आणखी उत्तम. इकडे परत आल्यावर आठवण झाली तर पुण्यात ‘मूनशाइन’ कंपनीची मधापासून केलेली मीड मिळते. सायडर नव्हे, पण जवळची बहीण.

एप्रिलमध्ये गोव्याहून आणलेला उर्राक अजून घरात आहे. गटारीला काढू का? — एक वाचक, कोल्हापूर

परवाना काढून आणलात असं धरून चालते. गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणताना तो लागतो, आणि सीमेवरच्या बांद्याला गाड्या उगाच तपासत नाहीत.

उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन. पुन्हा एकदा भट्टीवर चढला की फेणी. फेणी चाळिसाच्या पुढची, ती टिकते. उर्राक पंधराच्या आसपास, आणि त्याची सगळी मजा ताज्या बोंडाच्या वासात. तो वास पाऊस पडेपर्यंत राहिला तर नशीब. उघडून हुंगा. वास असला तर उंच ग्लासात बर्फ, लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. नसला तर गटारीचा बेत दुसऱ्या बाटलीवर करा आणि पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये तिथेच बसून प्या.

स्वतःच्या घरी प्यायलाही परवाना लागतो हे खरं का? — एक वाचक, ठाणे

खरं. 1949 चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून लागू आहे. परवाना ऑनलाइन मिळतो. व्हिस्की-रमसाठी वय 25 पूर्ण हवं, सौम्य बीअरसाठी 21.

मी पीत नाही. मित्रांच्या बैठकीत कोल्ड्रिंक घेऊन बसलो की सगळे मागे लागतात. काय करू? — एक वाचक, नागपूर

यजमानाला आधी फोन करून सांगा की माझ्यासाठी सोडा, आलं, लिंबू आणि बर्फ ठेव. आल्याचा रस अर्धा चमचा, लिंबू, पाव चमचा भाजलेली जिरेपूड, चिमूट काळं मीठ, पाक चवीपुरता, वर गार सोडा. त्यांच्यासारख्याच ग्लासात. रंगावरून कुणाला काही कळत नाही. तरीही कुणी मागे लागला तर तो तुमचा मित्र नाही, बारमध्ये असता तर मी त्याला बिल देऊन वाटेला लावलं असतं. औषधं चालू आहेत म्हणून पीत नसाल तर मित्रांचं ‘एकाने काय होतं’ कानाआड करा. त्याचं उत्तर फक्त तुमच्या डॉक्टरांकडे आहे.

अर्धी बाटली बीअर उरली तर झाकून दुसऱ्या दिवशी चालते का? — एक वाचिका, लातूर

प्यायला नाही. वायू गेलेला असतो. त्याच रात्री थोडा वायू असताना भज्यांच्या पिठात घाला: बेसन तीन भाग, तांदळाची पिठी एक भाग, ओवा, तिखट, मीठ आणि पाण्याऐवजी गार बीअर. पीठ जास्त फेटू नका, लगेच तळा. भजी हलकी आणि कुरकुरीत होतात, कांद्याची तर विशेष. तळताना सगळं अल्कोहोल उडतं असा समज आहे, थोडं राहतं. तेव्हा मुलांसाठी आणि सासूबाईंसाठी दुसरं पीठ भिजवा, पाण्याचं.