बाळाला घड्याळ कळत नाही

‘मावशी, अ‍ॅप म्हणतं दर तीन तासांनी पाजा. आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, रडला की पाज. तीन महिन्यांचा झाला तरी याचं रूटीन बसत नाही. कुणाचं ऐकू?’

दोघांचंही नको. तू पुढे लिहितेस, ‘अडीचच तास झाले होते म्हणून चोखणी देऊन थोपवून धरलं, मग इतका रडला की नीट प्यायलाच नाही.’ अगं, काय मिळवलंस त्या अर्ध्या तासात? बाळ मूठ तोंडात घालतं, ओठ चाटतं, मान वळवून छाती शोधतं, तेव्हाच त्याला भूक लागलेली असते. रडणं ही फार उशिराची खूण. मग ते धड पकडत नाही, चार घोट पिऊन दमून झोपतं आणि तासाभरात पुन्हा उठतं.

माझ्या लेकानेही नातवासाठी रंगीत एक्सेल शीट केली होती, पंधरा-पंधरा मिनिटांची. नातवाला वाचता येत नव्हतं. सूनबाईने ती बाजूला ठेवली आणि नुसता क्रम धरला: उठला की पाजायचं, मग थोडं खेळायचं, पेंगायला लागला की झोपवायचं. हा फेरा कधी दोन तासांत संपायचा, कधी साडेतीन. तूही हेच कर. या वयाची बरीच बाळं सव्वा-दीड तास जागली की थकतात. नजर हरवली, जांभई आली की खेळ बंद. डोळे चोळून किरकिर करेपर्यंत थांबू नकोस. संध्याकाळी दर तासाला मागेल, तर दे. वजन वाढतंय आणि दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत ना? मग ‘दूध कमी पडतंय का’ हे डोक्यातून काढ. (बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा वजन वाढत नसेल, तर मात्र उठवूनही पाजावं लागतं. तिथे डॉक्टर सांगतील ते खरं.)

ठरावीक हवंच असेल तर सकाळचं उठणं आणि रात्रीचं निजणं तेवढं धर, तेही अर्धा तास इकडेतिकडे. सकाळी पडदे उघड. रात्री मंद दिव्यात, न बोलता पाज. दिवस-रात्रीची जाण त्याला आत्ता कुठे येतेय. झोपेत कुंथला, हातपाय हलवले म्हणून लगेच उचलू नकोस. बाळांची झोप अशीच चुळबुळीची असते. आमचा लेक धावायचा, सूनबाई त्याचा शर्ट धरून बसायची. निम्म्या वेळा पोर आपलं आपण पुन्हा झोपायचं.

आणि हे काय, ‘आई-बाबांच्या कॉलची वेळ झाली की त्याला उठवते’? शहाणी आहेस ना तू? झोपलेला नातू बघतही आजी-आजोबा तासभर बसतात. कॅमेरा लाव आणि तू जेवून घे.

बाकीचं: झोपवताना उशी नको, पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, अंथरुणात दुसरं काही नाही. पाणी सहा महिन्यांपर्यंत नको. डेकेअर नवव्या महिन्यात आहे, तर तिथल्या वेळांची सवय आत्तापासून कशाला? तोवर दिवसाच्या झोपा दोनवर आलेल्या असतील. आणि काढून ठेवलेलं दूध रात्री एकदा नवऱ्याने बाटलीने पाजलं तर चालेल का, हे मला काय विचारतेस? त्याला उठव.