राणीचं पिस्तूल? आधी ते भरलेलं आहे का बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पारोळ्याकडचं धाब्याचं जुनं घर पाडताना लाकडी पेटीत एक पिस्तूल निघालं. घोड्याच्या (चाप ओढला की आपटतो त्या लोखंडी भागाच्या) मागे लोखंडी पट्टीवर मुकुट आणि ‘व्ही. आर.’, पुढे ‘टॉवर’ आणि १८६७. आजी म्हणायची की ते झाशीच्या राणीच्या घराण्यातलं. खरं असेल का, किती पैसे येतील, आणि घासून चकाचक करून बैठकीत लावलं तर चालेल का?

आमचं जळगावात परवान्याचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं. रावेर-यावलचे केळीवाले, चोपड्याकडचे शेतकरी रानडुकरांसाठीच्या ठासणीच्या बंदुका घेऊन यायचे, त्यामुळे हे काम लहानपणापासून हाताखालून गेलंय. तेवढ्या बळावर लिहितोय.

राणीचा विषय आधी मिटवू. नेवाळकरांचं, म्हणजे राणीच्या सासरचं, पारोळ्याशी नातं खरं आहे, आणि म्हणूनच त्या भागात माळ्यावर गंजका सुरा सापडला तरी तो राणीचा होतो. लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढताना गेल्या आणि तुमच्या पट्टीवर साल आहे १८६७. कंपनी सरकारच्या काळात याच जागी कंपनीचा सिंह ठोकलेला असायचा. १८५८ मध्ये कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला, सिंह गेला आणि मुकुटाखाली व्हिक्टोरियाची अक्षरं आली. म्हणजे आजीची ‘राणी’ अगदीच खोटी नाही, फक्त ती दुसरी राणी.

आता निकडीचं. ते भरलेलं आहे का, हे तुम्ही पाहिलंय का? फोटोत घोडा खाली टेकलेला दिसतो, त्याने काहीच कळत नाही. ठासणीच्या हत्याराला मागून उघडून बघायची सोय नसते. बंदुकीची दारू, गोळी, सगळं नळीच्या तोंडातून भरायचं. एखाद्याने रात्री भरून उशाशी ठेवलं आणि नंतर ते पेटीत गेलं, तर ते तसंच भरलेलं राहतं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या बंदुका वडील सगळ्यात आधी एका साध्या बांबूच्या काडीने तपासायचे, गिऱ्हाईक ‘रिकामी आहे’ म्हणून शपथ घेत असलं तरी.

तुम्हीही तेच करा. घोड्याला आणि चापाला हात लावू नका. तोंड भिंतीकडे, माणसांपासून लांब. लाकडाची किंवा बांबूची बारीक काडी तोंडातून अलगद आत सोडा, जिथे थांबेल तिथे काडीवर नळीच्या तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. काडी बाहेर काढून नळीच्या वरून तेवढीच लांबी धरा. काडीचं टोक घोड्याखालच्या निपलच्या (घोडा ज्यावर आपटतो त्या भोकाच्या बोंडाच्या) बुडापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. इंचभर किंवा जास्त अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. ती चिंधी असेल, कुंभारमाशीचं मातीचं घर असेल किंवा खरोखर गोळी असेल. अशा वेळी खोदू नका, लोखंडी सळई घालू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पोलीस ठाण्यात तसं स्पष्ट सांगा, म्हणजे ते जाणकार माणूस घेऊन येतील.

हे पिस्तूल चालतं कसं ते थोडक्यात. जुन्या चकमकीच्या हत्यारात दगडाची ठिणगी उघड्या रंजकात, म्हणजे पेटवायला बाहेर ठेवलेल्या चिमूटभर दारूत, पडायची. पावसात काम बंद, आणि आधी भपका, मग बार. अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला पक्षी मारायचा नाद होता, भपका दिसला की पक्षी उडून जायचे. त्याने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं. पुढे तो मसाला तांब्याच्या इवल्या टोपीत आला. टोपी निपलवर बसवायची, घोडा आपटला की ज्वाला निपलच्या भोकातून थेट दारूत. म्हणून याला आपल्याकडे टोपीची बंदूक, टोपीचं पिस्तूल म्हणतात.

या टोपीतला मसाला लोखंडाला वाईट. बार झाल्यावर जो राप मागे राहतो तो निपलच्या आजूबाजूला आणि घोड्याच्या नाकाच्या पोकळीत लोखंड खातो. खरं, वापरलेलं पिस्तूल मी प्रथम तिथे पाहतो: निपलभोवती बोटभर जागेत देवीच्या व्रणांसारखे खोल खड्डे, आणि तिथून नळीच्या तोंडाकडे जाताना पृष्ठभाग हळूहळू गुळगुळीत होत जातो. नकली मालात गंज सगळीकडे एकसारखा असतो, कारण तो आम्लात बुडवून आणलेला असतो. तो निपलपाशीही तितकाच आणि दस्त्याखालच्या झाकलेल्या भागातही तितकाच.

‘टॉवर’ या शब्दाने मात्र भुलू नका. तो लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराचा शिक्का. प्रत्यक्षात बहुतेक भाग बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी बनवलेले. वायव्य सरहद्दीकडच्या आणि आपल्याकडच्या नक्कल करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त हाच शब्द ठोकला. नकलेत मुकुट वांग्यासारखा फुगलेला असतो, अक्षरं वरखाली, कधी एखादं अक्षर उलटंच. खऱ्या शिक्क्यात रेघा सरळ आणि कडा स्वच्छ, झिजल्या तरी एका अंगाने झिजलेल्या. स्क्रूंची खाच बघा: जुनी खाच अरुंद आणि बारीक, आजची रुंद. नळीच्या मागच्या भागावर डाव्या अंगाला मुकुटाखाली फुलीसारखे एकमेकांवर तिरपे दोन राजदंड आहेत का पाहा, ती नळी तपासून पास केल्याची खूण. कुठेतरी बाणाचं टोक आणि त्यालगत इंग्रजी ‘आय’ असेल तर तो हिंदुस्थान सरकारच्या भांडाराचा माल.

तुमच्या फोटोत एक गोष्ट मला आवडली. नळीखालचा गज (दारू-गोळी ठासायची सळई) सुटा नाही, दोन कड्यांच्या जोडाने नळीच्या तोंडाला कायमचा अडकवलेला आहे, आणि दस्त्याच्या बुडाला दोरी बांधायची कडी आहे. हे घोडेस्वाराचं पिस्तूल. घोड्यावर बसून भरताना गज हातातून निसटला तर तो गेलाच, म्हणून ही सोय. पितळी साज आणि अक्रोडाचं लाकूडही त्याच जातीला साजेसं. १८६७ च्या सुमाराला विलायतेत मागून भरायची स्नायडर रायफल पायदळाच्या हाती येत होती, पण १८५७ नंतर देशी पलटणींना मुद्दाम एक पायरी मागची हत्यारं दिली जात. तेव्हा टोपीचं, तोंडातून भरायचं पिस्तूल त्या सालचं असणं खटकत नाही. खानदेशात सरकारी हत्यारांची वर्दळही कमी नव्हती: आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये उभारलेली भिल्ल पलटण धरणगावला, आणि मालेगावचा कॅम्प. पण तुमचं पिस्तूल यातल्या कशातलं, हे आजीच्या शब्दावर नाही, पेटीत एखादा जुना परवाना, पावती किंवा नेमणुकीचा कागद असेल तर ठरेल. पेटी फेकली नसेल तर तिचा तळ उलटून बघा. एका कागदाने जेवढी किंमत वाढते तेवढी दहा गोष्टींनी वाढत नाही.

बैठकीत लावायचं म्हणताय, तर कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, प्राचीन मूल्याच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्तीशिवायच नव्हे तर दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि ‘ॲन्टिक आहे, चालतंय’ म्हणून थांबतात. तुमचा घोडा, स्प्रिंग, नळी धड असतील तर सूट मिळेलच असं धरून चालू नका. वकिलाकडून अर्ज लिहून घ्या. घर पाडताना कधी, कुठे, कुणासमोर सापडलं ते मांडा, शिक्क्यांचे फोटो जोडा, आणि पोलीस ठाण्याची पोच घ्या. हत्यार पिशवीत घालून मोटारसायकलवरून ठाण्यात नेऊ नका; माणूस बोलावा, पंचनामा होऊ द्या. परवान्याचा निर्णय जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी घेतात. निकाली निघेपर्यंत ते ठाण्यात जमा राहिलं तर पावतीवर शिक्के, लांबी, तुटफूट सगळं लिहून घ्या. कुणी म्हणेल, नळीत वेल्डिंग करून टाक म्हणजे झंझट नको. परवानगीशिवाय ते करू नका, आणि केलंत की संग्राहकाच्या लेखी ते भंगार.

घासायचं तर मुळीच नाही. चिंच, लिंबू, ब्रासो, सँडपेपर, सगळं लांब ठेवा. दीडशे वर्षांचा तपकिरी काळेपणा हाच संग्राहक विकत घेतो. चकचकीत नळी दिसली की तो पुढच्या टेबलावर जातो. नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर मऊ सुती कापडाला मशीन ऑइलचे दोन थेंब, तेही लोखंडालाच, लाकडाला नाही. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं.

किंमत. परदेशी लिलावात घोडदळाचं असं साधं सरकारी पिस्तूल काहीशे पौंडांत जातं, कोटींत नाही. आणि तो भाव तुमच्या उपयोगाचा नाही, कारण शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही, आणि हत्याराचा परवाना नसलेल्या माणसाच्या हाती ते विकताही येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेले फोटो आजच काढून टाका. ते पाहून कुणी ‘ॲन्टिकची पार्टी’ रोख घेऊन दारात आली, तर चहापाणी करा आणि रिकाम्या हाताने वाटेला लावा.