तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं : पाइन बॅरन्सची दिवसभराची भटकंती

मागच्या अंकात न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्सचा नुसता उल्लेख केला होता तर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. माहीत नसलेल्यांसाठी एवढंच, की राज्याच्या दक्षिण भागात साधारण 11 लाख एकरांचा वाळूचा, पाइनचा आणि दलदलीचा पट्टा आहे, 1978 साली तो राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाला, आणि आपली इथल्या एडिसन गावची मराठी मंडळी अटलांटिक सिटीला जाताना त्याच्या कडेने सुसाट निघून जातात.

प्रश्न : ताई, सासू-सासरे मे महिन्यात येतायत. सासरे पासष्टीचे, रोज फिरायला जाणारे. नवरा सह्याद्रीत ट्रेक करून तयार झालेला, तो म्हणतो तिथे चढच नाही, सपाट आहे, आई-बाबा आरामात करतील. खरंच का? कुठून कुठे जावं? — एडिसनहून एक वाचक

उत्तर : चढ नाही हे तुमच्या अहोंचं अगदी बरोबर, त्या भागातली नावाजलेली टेकडी अ‍ॅपल पाय हिल जेमतेम 200 फूट आहे, राजगड-तोरणा केलेल्या माणसाला हसूच येणार. पण सपाट म्हणजे सोपं नाही हो. पायवाटेवर पाइनच्या सुया पडून जमीन दबलेली असते तिथपर्यंत मस्त चालतो आपण, पण मध्ये मध्ये वाळूचे रस्ते लागतात आणि तिथली पांढरी भुसभुशीत वाळू, तिला तिथले लोक शुगर सँड म्हणतात, पाऊल टाकलं की मागे सरकते. पोटऱ्या आणि घोटे बोलायला लागतात. त्यात गडावर कसं, चढ संपला की बसायला माची असते, दूरचं दिसतं, आपण कुठवर आलो ते कळतं. इथे चार तासांनीही समोर तशीच झाडं. थकण्यापेक्षा कंटाळा आधी येतो, आणि कंटाळलेला माणूस पाणी प्यायचं विसरतो.

दिवसभराचं हवं असेल तर माझी पसंती मलिका रिव्हर ट्रेलला. व्हॉर्टन स्टेट फॉरेस्टमध्ये अ‍ॅट्सियनपासून बॅटस्टोपर्यंत, नऊ मैलांच्या थोडं वर म्हणजे पंधरा किलोमीटर धरा, झाडांवर पिवळे पट्टे मारलेत ते बघत जायचं. बराच वेळ नदी सोबत असते, पाइनमधून सीडरच्या दलदलीत आणि परत पाइनमध्ये असं चालू राहतं. मोठ्या माणसांबरोबर ताशी दोन मैलांचा हिशोब धरा, जेवणखाण फोटो मिळून सहा-सात तास कुठेच गेले नाहीत. पाऊस झालेला असेल किंवा बीव्हरने नदीला बांध घातला असेल तर वाटेवर पाणी असतं, सुके मोजे जास्तीचे घ्या.

आता माझं स्पष्ट मत. पूर्ण ट्रेल नवऱ्याला करू द्या, सोबत मित्र द्या एखादा. तुम्ही त्यांना अ‍ॅट्सियनला सोडा आणि सासू-सासऱ्यांना घेऊन गाडीने बॅटस्टोला जा, तिथे जुनं गाव जपून ठेवलंय, तलाव आहे, टॉयलेट आहे, आणि आजूबाजूला छोटे लूप आहेत जे तासा-दोन तासात होतात, तीच वाळू तेच जंगल. दुसरी गाडी पण लागत नाही. सासऱ्यांना बॅटस्टो आवडेलच, 1766 साली चार्ल्स रीडने तिथे लोखंडाची भट्टी काढली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्यासाठी तिथे माल बनायचा. लोखंड कुठून आलं ते पुढच्या उत्तरात सांगते.

एक मात्र लक्षात ठेवा, अ‍ॅट्सियनहून बॅटस्टोला जाताना फोनवरचा मॅप कधी कधी जंगलातून क्वेकर ब्रिज रोडचा शॉर्टकट दाखवतो. तो वाळूचा कच्चा रस्ता आहे. कॅमरी-सिएना घेऊन त्यात घुसू नका, चाकं रुतली की टो ट्रक यायलाच अर्धा दिवस. 206 नंबरच्या हायवेने हॅमंटन गावापर्यंत खाली या आणि तिथून 542 नंबरचा रस्ता पकडा, लांब वाटलं तरी तेच.

आणि मे-जूनचा हट्ट का? आई-बाबा मे मध्ये आले की बहुतेक ऑक्टोबरपर्यंत असतातच. ऑक्टोबरमध्ये न्या. डास-माश्या कमी, हवा छान, शिवाय क्रॅनबेरीचे मळे पाण्याने भरून काढणी चालू असते, लालभडक फळं पाण्यावर तरंगतात ते सासूबाईंना दाखवा. फक्त तेव्हापासून शिकारीचे मोसम चालू होतात म्हणून नारिंगी जाकीट घाला सगळ्यांनी, आणि दिवस लहान होत जातो, सकाळी आठला चालायला सुरुवात झालीच पाहिजे. पाणी माणशी तीन लिटर घरूनच. डब्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, सँडविच दुपारपर्यंत लगदा होतं.

प्रश्न : आम्ही गेलो होतो तिथे, नदीचं पाणी चक्क कोऱ्या चहाच्या रंगाचं! एका ठिकाणी वर तेलाचा तवंग पण होता. प्रदूषण आहे का? मुलं पाण्यात खेळली, आता काळजी वाटते. — प्रिन्स्टनहून

उत्तर : काळजी नको, तो रंग तिथला मूळचाच आहे. सीडरची झाडं, पडलेली पानं, दलदलीत कुजणारा पाला यातलं टॅनिन, म्हणजे चहातही असतं ते तपकिरी द्रव्य, पाण्यात उतरतं आणि त्यात लोह मिसळतं. वाळूमुळे पावसाचं पाणी झटकन खाली मुरतं, जमीन आम्लधर्मी, त्यामुळे खालचं लोह पाण्यात विरघळतं आणि नदीकाठी जिथे पाणी वर येऊन हवेला लागतं तिथे जिवाणूंच्या मदतीने गंजाच्या रूपात परत बसतं. त्याचे थर साचून दगडासारखे होतात, हेच बॅटस्टोच्या भट्टीचं खनिज. काढून नेलं तरी काही वर्षांनी परत तयार व्हायचं.

तवंग पण बहुतेक त्याच जिवाणूंचा. ओळखायची सोपी खूण आहे, काडी घेऊन तो ढवळा. काच फुटल्यासारखे त्याचे कोनेदार तुकडे झाले आणि तसेच सुटे राहिले तर जिवाणू, आणि काडी फिरवल्यावर गोल गोल फिरून परत एक झाला तर खरंच तेल.

प्यायचं मात्र नाही हां, रंग नैसर्गिक आहे म्हणून पाणी पिण्यालायक होत नाही. गंमत म्हणजे फिलाडेल्फियाचा उद्योगपती जोसेफ व्हॉर्टन याने 1876 पासून इथे जमिनी घेतल्या त्या हेच पाणी फिलाडेल्फियाला विकायचं म्हणून. न्यू जर्सीने राज्याबाहेर पाणी न्यायला कायद्यानेच बंदी केली, बेत फसला, आणि 1950च्या दशकात ती जमीन राज्याकडे आली. आज आपण फिरतो ते व्हॉर्टन स्टेट फॉरेस्ट हेच.

प्रश्न : गोचिडीची फार भीती घालतात सगळे. एवढं आहे का? — चेरी हिलहून

उत्तर : आहे. दोडामार्ग-सत्तरीकडच्या माणसाला माकडतापामुळे गोचिडीचं वेगळं सांगावं लागत नाही, पण मुंबई-पुण्याच्या आपल्या लोकांच्या डोक्यात गोचीड म्हणजे गाईच्या कानामागची फुगलेली. इथली लाइम नावाचा आजार पसरवणारी लहान गोचीड एक-दोन मिलीमीटरची असते, तीळ आहे की गोचीड कळत नाही. शिवाय लोन स्टार नावाची दुसरी जात आहे, पाठीवर पांढरा ठिपका, ती चावल्यावर काही लोकांना मटणाची अ‍ॅलर्जी होते, हो खरंच, खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही. आमच्या ओळखीतल्या एका कोल्हापूरकरांना हे सांगितलं तेव्हापासून ते पँट सॉक्समध्ये खोचल्याशिवाय गाडीतून उतरत नाहीत.

तर पँट सॉक्समध्ये खोचायची, फिकट रंगाचे कपडे घालायचे म्हणजे चढताना दिसते. बूट आणि कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून पूर्ण वाळू द्यायचं, ते अंगाला लावायचं नाही आणि घरात मांजर असेल तर ओलं असताना लांब ठेवायचं. अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं, किडे लांब ठेवणारं औषध. वाटेच्या मधून चाला, कडेच्या झुडपांना घासत नाही. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये, धुवायला नंतर, कारण वॉशिंग मशीनमधून गोचीड जिवंत निघू शकते पण कोरड्या कडक उष्णतेत दहा मिनिटांत मरते. मग आंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत बघायचं, लाजायचं नाही.

सापडलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तंबाखू, पेटती काडी असले गावाकडचे उपाय अजिबात नकोत. लाइमचा जंतू अंगात जायला सहसा चोवीस तासांहून जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी शोधण्याला एवढं महत्त्व. पुढच्या महिन्याभरात ताप आला किंवा पुरळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे जा आणि जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा.

प्रश्न : मी पुण्याची, बॉटनी करते आहे, मामाकडे येणार आहे जूनमध्ये. पाइनशिवाय तिथे काही आहे का बघण्यासारखं? — पुण्याहून एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं कास बघितलंयस ना? मग तुला तिथे ओळखीची मंडळी भेटतील. कासवर सीतेची आसवं असतात ती युट्रिक्युलारिया, पाइन बॅरन्सच्या दलदलीत त्याच कुळाच्या पिवळ्या जाती आहेत. दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा तिथेही आणि इथेही. दोन्हीकडे कारण एकच, एकीकडे जांभा खडकावरचा मातीचा पातळ थर आणि दुसरीकडे धुऊन निघालेली वाळू, दोन्हीत नायट्रोजनची बोंब, म्हणून झाडं किडे खातात. पाइन बॅरन्समध्ये जास्तीचं म्हणजे पिचर प्लांट, लाल शिरांचे कलश शेवाळावर बसलेले, आत पावसाचं पाणी आणि त्यात बुडालेल्या मुंग्या.

ड्रोसेरा बघायला मात्र गुडघे टेकावे लागतात. ओल्या वाळूच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा लाल चट्टा दिसतो, भिंग लावलं की पानावरचा एकेक केस दिसतो आणि प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, सकाळच्या उन्हात बघ. शेवाळावर पाय देऊ नकोस, कासला कुंपण का घालावं लागलं ते तुला माहीतच आहे.

पाइनना पण कमी लेखू नकोस. पिच पाइनच्या सुया तिनाच्या जुडीत असतात, हिमालयात चीड बघितला असशील तर त्याच्याही तीनच. पण आग लागून गेल्यावर याच्या जळक्या काळ्या खोडातूनच थेट हिरव्या सुयांचे झुबके फुटतात, फांदी वगैरे काही नाही. काही झाडांची फळं राळेने सीलबंद असतात, उष्णतेने राळ वितळली की बी बाहेर. जून 2022 मध्ये मलिका नदीच्या बाजूला 13,000 एकरांहून जास्त जंगल जळलं, त्या भागात हे सगळं बघायला मिळेल. हिवाळ्यात वनखातं मुद्दाम छोट्या आगी लावतं, खालचा पाला जाळून टाकायला, तेव्हा काळं जंगल दिसलं की दरवेळी दुर्घटनाच झाली असं समजू नकोस. जायच्या आदल्या दिवशी ट्रेल चालू आहे ना ते बघ.

प्रश्न : जर्सी डेव्हिल खरा आहे का? मुलगा विचारतोय. — वय वर्षं आठच्या मुलाच्या आईकडून

उत्तर : पाइन बॅरन्सच्या दंतकथेतला हा राक्षस, घोड्याचं तोंड, वटवाघळाचे पंख, 1909 च्या जानेवारीत पेपरांनी एवढा गाजवला की काही ठिकाणी शाळा बंद ठेवल्या होत्या. त्याला सांगा ताई अजून शोधतेय.

प्रश्न : वाटेत रानटी ब्लूबेरी दिसतात, तोडून खाल्ल्या तर? — हॅमिल्टनहून

उत्तर : ओळख पक्की नसेल तर मुलांना देऊ नका, तशाच दिसणाऱ्या इतर बेऱ्याही असतात. पण तुम्ही बाजारातून आणता ती ब्लूबेरी इथलीच लेक आहे बरं का, पाइन बॅरन्समधल्याच व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाईंनी आजूबाजूच्या लोकांना जंगलातली मोठ्या फळांची झुडपं शोधून आणायला लावली, फ्रेडरिक कोव्हिल या शास्त्रज्ञाबरोबर त्यांची निवड आणि संकर केले आणि 1916 मध्ये पहिलं पीक बाजारात आणलं. परत येताना हॅमंटनच्या बाजूला स्वतः तोडून घ्यायची फार्म आहेत तिथे थांबा. मोसम जूनच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत, शेवटी शेवटी गेलात तर आधी फोन करून जा, कधी कधी झाडं रिकामी असतात.