गाडी कोण चालवत होतं, हे आधी खरं सांगा

पत्र पुण्याच्या एका वाचकाचं आहे. ओळख पटेल असा तपशील काढून थोडक्यात देतो.

"लग्नाला सहा वर्षं झाली, पहिल्यांदाच दोघं ताडोबाला निघालो. ओळखीच्या एकाची पांढऱ्या नंबरप्लेटची कार दिवसाला अडीच हजार रुपये ठरवून घेतली. पहाटे चारला निघालो. वरोऱ्यापर्यंत मीच चालवली, मग डोळे मिटायला लागले म्हणून बायकोने स्टिअरिंग घेतलं. चंद्रपूर सोडून पद्मापूरच्या नाक्यापुढे मोहर्लीच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डावीकडून चितळ अचानक आडवं आलं. तिने ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. चितळ जागेवरच मेलं. आम्ही पळालो नाही. रिसॉर्टला फोन केला, त्यांनी वनविभागाला कळवलं. मागून आलेला एक दुचाकीवालाही थांबला होता. वनरक्षकाने विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी म्हणालो, मीच. तिचं लायसन्स चार महिन्यांपूर्वी संपलंय, नूतनीकरण राहिलं होतं. पंचनाम्यात चालक म्हणून माझं नाव लागलं, मी सही केली. गाडी जप्त आहे. येत्या शुक्रवारी मला सहायक वनसंरक्षकांपुढे जबाबाला बोलावलंय. टपरीवर भेटलेला एक माणूस म्हणतो, चाळीस हजार द्या, मिटवून देतो. गाडीमालक दुरुस्तीचे 1,60,000 आणि गाडी सुटेपर्यंतचं रोजचं भाडं मागतोय. शिवाय म्हणतो, विमा कंपनीला सांगा की मित्र म्हणून फुकट नेली होती. सकाळच्या सफारीचे पैसेही गेले. बायको रोज रडते. काय करू?"

तुम्ही गाडी, पैसे आणि खटला याबद्दल विचारलंय. मी मात्र सुरुवात करणार आहे पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलेल्या गोष्टीपासून. "मी म्हणालो, मीच."

बायकोला वाचवायला तोंडातून गेलेलं वाक्य आहे ते, हे मला कळतं. अशी वाक्यं मी कोर्टात पुष्कळ ऐकली आहेत आणि ती बोलणारी माणसं बहुतेक चांगली असतात. पण तुमच्या प्रकरणातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच आहे, चितळाच्या मृत्यूहूनही. शुक्रवारच्या आत ती दुरुस्त व्हायला हवी.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंतला तिसरा उघडा. पुढचा डावा दिवा फुटलाय, बंपरच्या फटीत तांबूस केस अडकलेत. ते तुम्ही पाहिलं असणारच. आता उघड्या दारातून दिसणारी चालकाची सीट पाहा. ती पार पुढे, स्टिअरिंगजवळ ओढलेली आहे. दुसऱ्या फोटोत तुम्ही गाडीशेजारी उभे आहात आणि तुमचा खांदा जवळजवळ टपाला लागतोय. त्या सीटवर तुमचे गुडघे मावणार नाहीत. मला हे दोन मिनिटांत दिसलं, म्हणजे सरकारी वकिलालाही दिसेल. वरोऱ्याला थांबलात तिथे कॅमेरा असेल, समृद्धी महामार्गाच्या टोलनाक्यांवर तर असतोच. आणि तो दुचाकीवाला. तुमच्या पत्नी कुठल्या दारातून उतरल्या, हे त्याने पाहिलं असेल तर?

आता लपवलं काय, ते मोजू. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 181 खाली पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दंडावर भागतं. ते झाकायला तुम्ही जे केलंत ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 मध्ये बसू शकतं, म्हणजे लोकसेवकाला खोटी माहिती देणं, एक वर्षापर्यंत कैद. आणि गुन्हा करणाऱ्याला वाचवण्यासाठी खोटी माहिती दिली असं धरलं, तर कलम 238. नवरा-बायकोने एकमेकांना आसरा दिला तर कायदा त्याकडे कानाडोळा करतो, तशी सूट कलम 249 मध्ये लिहिलेलीच आहे. कलम 238 मध्ये मात्र ती नाही. हा फरक अनेकांना माहीत नसतो.

खरं नुकसान याहून पुढचं आहे, आणि त्यासाठी चितळाबद्दलचा कायदा समजून घ्यावा लागेल.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये "शिकार" या शब्दाचा अर्थ आपल्या बोलण्यातल्या शिकारीपेक्षा खूप मोठा आहे. वन्यप्राण्याला मारणं, जखमी करणं, पकडणं हे सगळं त्यात येतं. म्हणून गाडीखाली चितळ मेलं तरी कलम 9 खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. यात वनरक्षकाने तुमच्यावर काही अन्याय केलाय असं नाही. त्याच्या हद्दीत जनावर मेलंय, कागद करणं त्याचं काम आहे. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर चितळ अनुसूची 2 मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. कलम 51 खाली साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण व्याघ्र प्रकल्पातल्या शिकारीसाठी वेगळं पोटकलम आहे आणि त्यात पहिल्याच शिक्षेला किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आहे. पद्मापूर ते मोहर्ली हा रस्ता बफरमधून, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातून जातो आणि बफर हा व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. त्यामुळे पीओआरमध्ये, म्हणजे प्राथमिक गुन्हा अहवालात, नेमकी कोणती कलमं लावलीत हे आधी बघा. त्याची प्रत काढून घ्या. ती हातात आल्याशिवाय तुम्हाला कुणीही काहीही ठाम सांगू नये, मीसुद्धा.

तुमचा बचाव सरळ आहे. हा अपघात होता. मारण्याचा हेतू नव्हता, आणि हेतूशिवाय अशा गंभीर गुन्ह्यात दोषी धरू नये हे फौजदारी कायद्याचं जुनं तत्त्व आहे. परिस्थितीही बरीचशी तुमच्या बाजूची दिसते. रस्ता सार्वजनिक, ब्रेकच्या खुणा डांबरावर, धडक पुढच्या डाव्या कोपऱ्याला, गाडीत हत्यार नाही, मांस नाही, तुम्ही थांबलात, स्वतः कळवलंत. चितळाच्या शवविच्छेदनाचा अहवालही याला जुळेल. वेग किती होता हा प्रश्न येणारच, तेव्हा फोनमधला त्या दिवसाचा लोकेशनचा इतिहास पुसू नका.

पण हा सगळा बचाव तुमच्या शब्दावर उभा आहे. "अचानक आडवं आलं" हे सांगणारी माणसं फक्त दोन. त्यांतल्या एकाने पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर दिलं हे सिद्ध झालं, की उरलेल्या खऱ्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवणार? शिवाय धडकेच्या क्षणी काय झालं याची उलटतपासणी तुमची होईल, आणि तुम्ही तर शेजारी पेंगत होता.

शुक्रवारचा जबाब वन्यजीव अधिनियमाच्या कलम 50 च्या पोटकलम 8 खालचा असणार. तुमच्या उपस्थितीत नोंदवलेला तो पुरावा पुढे खटल्यात वापरता येतो. पोलिसांसमोर दिलेल्या कबुलीला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे ते वनाधिकाऱ्यांसमोर सरसकट मिळत नाही, कारण न्यायालयांनी त्यांना सर्वसाधारणपणे पोलीस अधिकारी मानलेलं नाही. म्हणून तिथे पुन्हा "मीच चालवत होतो" अजिबात म्हणू नका. आजपर्यंत ती घाबरून केलेली चूक आहे, शुक्रवारनंतर ती तुमची ठरवून घेतलेली भूमिका होईल.

दुरुस्ती कशी करायची? चंद्रपूरच्या कोर्टात वनगुन्ह्यांची कामं करणारा वकील गाठा आणि शुक्रवारच्या आधी त्याच्यामार्फत लेखी अर्ज द्या, की घाबरून मी चालक म्हणून माझं नाव सांगितलं, ते बरोबर नव्हतं. इतकंच. अर्जाचा शब्द न् शब्द वकिलाला ठरवू द्या. तुमच्या पत्नींनी स्वतः काय सांगायचं हा वेगळा प्रश्न आहे. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्यांच्यावर कुणी करू शकत नाही, संविधानाचं अनुच्छेद 20(3) आहेच. यासाठीच सांगतो, त्यांना स्वतंत्र वकील द्या. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, माझ्यासमोर बसलेल्या जोडप्यांनाही वाटतं. पण तुम्ही खोटं मागे घेताय, त्या आरोपी होऊ शकतात. दोघांचं हित आज अगदी एकच नाही, आणि एकाच वकिलाने दोन्हीकडचं सांभाळायचं म्हटलं तर कुणाचं तरी राहून जातं. अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम 482 खाली अर्ज करायचा का, हे त्यांच्या वकिलाने तुमचा अर्ज जाण्याआधी ठरवावं. हा क्रम चुकवू नका.

टपरीवरच्या माणसाला एक रुपया देऊ नका. वन्यजीव अधिनियमात तडजोड आहे, कलम 54 मध्ये. पण ती करण्याचा अधिकार उपवनसंरक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला असतो, रक्कम पावतीवर भरली जाते, आणि मग त्या गुन्ह्याची पुढची कारवाई थांबते. कलम 51 च्या पोटकलम 1 मध्ये जिथे किमान कैद सांगितली आहे तिथे तडजोड होत नाही. तुमच्या बाबतीत तो रस्ता खुला आहे का, ते पुन्हा पीओआरमधल्या कलमांवर अवलंबून. खुला असेल तर वकिलाने लेखी विनंती करावी. तडजोडीचा अर्जही खऱ्या चालकाच्या नावानेच व्हायला हवा.

गाडी. मालकाला कुणीतरी सांगितलंय की गुन्ह्यात वापरलेलं वाहन सरकारजमा होतं. वन्यजीव अधिनियमाच्या कलम 39 मध्ये तसं लिहिलंय खरं. पण मध्य प्रदेश शासन विरुद्ध मधुकर राव या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या जप्तीने वाहन सरकारचं होत नाही आणि खटला चालू असताना ते ताब्यात द्यायचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे. आता तो अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 किंवा 503 खाली होतो. अर्ज मालकाने करायचा, मूळ आरसी, विम्याची पॉलिसी आणि ओळखपत्र घेऊन. बंधपत्र, जामीनदार, गाडीचे फोटो, "विकणार नाही, बोलावल्यावर हजर करीन" अशी हमी, हे सगळं लागेल. उघड्यावर पडलेली गाडी गंजून जाते, म्हणून त्याला आजच अर्ज करायला सांगा.

रोजचं भाडं देऊ नका. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणंच बेकायदा आहे. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या परवानाधारक गाडीची प्लेट काळी असते आणि अक्षरं पिवळी. परवान्याशिवाय असा वापर केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192-अ खाली दहा हजारांचा दंड आणि कैदही होऊ शकते, आणि हे मालकालाही लागू आहे. तेव्हा भाड्यासाठी तो कोर्टात जाईल असं मला वाटत नाही. गेलाच तर बेकायदा व्यवहाराच्या जोरावर त्याला फार काही मिळणार नाही.

दुरुस्तीचं तसं नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे असताना ती साधारण शहाण्या माणसासारखी सांभाळायची, हे करार अधिनियमाचं कलम 151 सांगतं. तितकी काळजी घेतली असेल तर नुकसान भरून द्यावं लागत नाही, हे कलम 152. पण मुदत संपलेलं लायसन्स असलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी दिलीत, हे तुमच्या विरोधात जाईल. माझं मत विचाराल तर अधिकृत गॅरेजचं लेखी अंदाजपत्रक मागवा, तुमची अनामत असेल तर वजा करा आणि वाजवी हिस्सा देऊन लेखी मिटवा. 1,60,000 हा आकडा नुसता तोंडी आहे. त्यावर काही कबूल करू नका, व्हॉट्सॲपवरही नाही.

आणि विमा कंपनीला "फुकट नेली होती" असं लिहून देऊ नका. अडीच हजार तुम्ही ऑनलाइन पाठवलेत, त्याची नोंद बँकेत बसलीय. खोट्या निवेदनावर दावा तर फेटाळला जाईलच, वर फसवणुकीची तक्रार होईल आणि खाली सही तुमची असेल. अमलेंदू साहू प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने, खासगी गाडी भाड्याने दिली म्हणून दावा पूर्ण नाकारण्याऐवजी काही प्रमाणात मंजूर करायला सांगितलं होतं. तेव्हा खरं सांगूनही थोडा मार्ग उरतो. मात्र लायसन्सचा मुद्दा त्यात भर घालतो, म्हणून फार आशा धरू नका.

सफारीच्या पैशांमागे आत्ता धावू नका. पत्नींच्या लायसन्सचं नूतनीकरण मात्र या आठवड्यातच ऑनलाइन टाका. मुदत संपून वर्ष व्हायच्या आत केलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. मागचं त्याने पुसलं जाणार नाही, पण कोर्टापुढे उभं राहताना हातात चालू लायसन्स असलेलं बरं.

गुरुवारीच चंद्रपूरला पोहोचा. आणि या वेळी रेल्वेने या.