दाढी केली की मानेवर पुरळ येतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जेम ब्रँडचा जुना सिंगल-एज (एका धारेचा) रेझर मिळतोय, घेऊ का?
घ्या, पण आधी ब्लेड मिळतील का ते बघा, कारण जेमला आपल्या दुकानातलं नेहमीचं दोन धारांचं ब्लेड बसत नाही, त्याला एकाच बाजूला धार आणि मागे जाड पाठ असलेलं वेगळं ब्लेड लागतं, ते ऑनलाइन मागवावं लागतं. मी स्वतः जेमच वापरतो म्हणून सांगतो, कार्ट्रिज रेझरमधली तीन-चार पाती एकाच जागेवरनं पुन्हा पुन्हा जातात आणि केस कातडीच्या खालपर्यंत कापतात, मग तो आत वळून वाढतो आणि पुरळ येतं, त्यात आपल्याकडचा घाम. एका पात्यात हे बरंच कमी होतं, शिवाय जेमचं पातं जाड असल्यामुळे थरथरत नाही.

घेताना ब्लेड अडवणारे दोन्ही कोपरे वाकलेले नाहीत ना ते उजेडात धरून नीट बघा, ते वाकडे असले तर धार तिरकी बसते आणि हमखास कापतं. आत जुनं ब्लेड असेल तर फेकूनच द्या. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन रेझर घासा.

दाढी करताना रेझरचं डोकं गालाला जवळजवळ सपाट टेकवायचं, अजिबात दाबायचं नाही, केसांच्या दिशेनेच एकदा फिरवायचं, मानेवर तर उलटा हात नकोच. दाढी झाल्यावर ब्लेड काढून पुसून ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आता पुरळात पू असेल किंवा गाठी होत असतील तर मात्र रेझर बदलत बसू नका, स्किनच्या डॉक्टरला दाखवा.