कोळसा खाण बंद झाल्यावर त्या जागेचं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय, गावालगतची ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खोदलेली खाण दोन वर्षांत बंद होतेय आणि खड्ड्यात पाणी साठवून बोटिंग सुरू करायचं ग्रामपंचायतीत घाटतंय. मी विदर्भातल्या कोळसा खाणींत एकोणीस वर्षं सर्व्हेअर होतो. बोटींचं नंतर बघा. डंपर तिथे आहेत तोवर माती मागून घ्या.

खाण उघडताना वरची काळी माती वेगळी काढून ठेवायची असते. ओबीचा, म्हणजे कोळशावरच्या दगड-मुरुमाचा डोंगर 28 अंशांच्या आत उतरता करून त्यावर ती पसरायची. खाण चालू असताना हे काम रोजच्या फेऱ्यांत उरकतं. यंत्रं दुसऱ्या खाणीवर गेली की त्यासाठी नवं टेंडर काढावं लागतं, आणि ते निघता निघत नाही. आमच्या एका खाणीत मातीचा अख्खा ढीग ओबीखाली गाडला गेला. नकाशावर तो होता, मीच आखलेला. नंतर त्या उतारावर सुबाभूळ लावली, ती जगलीसुद्धा. पण कापूस-तूर तिथे विसराच.

ओबी टाकून बुजवलेला भाग वर्षानुवर्षं दबत राहतो. तिथे चराई, बांबू चालेल. शाळा किंवा दवाखाना नको. शेजारी जुनी भूमिगत खाण असेल तर तिचाही नकाशा मागा, वरून सपाट दिसणाऱ्या रानाखाली पोकळ गल्ल्या असू शकतात.

आता तुमचा तलाव. सुरुवातीची ओबी खाणीबाहेर पडलेली असते, कोळसा तर निघूनच गेलेला. म्हणून शेवटी एक खड्डा उरतोच. छत्तीसगडमध्ये बिश्रामपूरजवळ केनापारा इथे अशाच खड्ड्यात पिंजऱ्यांत मासे पाळतात, बोटीही चालतात. म्हणजे कल्पना वेडी नाही. पण खड्ड्याच्या भिंती उभ्या असतात, गुरं आणि पोरं तिथेच घसरतात. जर्मनीत नाख्टरश्टेटला जुन्या लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणीत तळं भरत असताना, 18 जुलै 2009 ला काठ खचून घरं पाण्यात गेली, तीन माणसं दगावली. तेव्हा निदान एक बाजू लांबवर उतरती करून मागा. हेही डंपरचंच काम.

पैशाचं म्हणाल तर 2009 च्या नियमांपासून कंपनीला खाण बंद करण्याचा खर्च दरवर्षी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात, भरावा लागतो. ओपनकास्टसाठी तेव्हाच्या दराने हेक्टरी 6 लाख. माहिती अधिकारात 'माइन क्लोजर प्लॅन', म्हणजे खाण बंद करण्याचा आराखडा काढा. त्यात खाणीनंतर किती हेक्टर पाणी, किती झाडं, किती शेती याचा तक्ता असतो. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत शेतीच्या रकान्यात शून्य होतं.

आणि जमीन परत मिळेल असं कुणी सांगत असेल तर आधी सातबारा बघा. 1957 च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याने घेतली असेल तर ती आपोआप शेतकऱ्याकडे येत नाही. केंद्राच्या 2022 च्या धोरणातही मालकी सरकारी कंपनीकडेच ठेवून इतर वापरासाठी भाडेपट्टा देता येतो, एवढंच आहे.